लॅपटॉपचा घसारा, पोराचा खर्च

आयकर कायद्याला लॅपटॉपची फार दया येते. बिचारा राबतो, झिजतो, म्हणून त्याच्यावर दर वर्षी ४० टक्के घसारा मंजूर. एसीला १५ टक्के, खुर्चीला १०. त्या खुर्चीत बसून त्याच लॅपटॉपवर रात्री दीड वाजेपर्यंत दुसऱ्यांच्या किचन ट्रॉल्यांची ड्रॉइंग काढणारी बाई मात्र झिजत नाही. तसं कलमच नाही.

ठाण्यातली एक इंटिरिअर डेकोरेटर घ्या. घटस्फोटित, व्यवसाय स्वतःचा, पदरी सात वर्षांचा मुलगा. (अशी बाई तुमच्याही सोसायटीत असेल, नाव कशाला लिहू?) २०२५ च्या विवरणपत्रांच्या हंगामात ती पिशवीभर बिलं घेऊन सीएकडे गेली.

"खर्च सांगा, मॅडम."

साइटवर जायची रिक्षा. चालेल. क्लायंटला पाजलेली कॉफी. चालेल. सुतारांचे वडापाव. तेही चालतील. मुलाच्या पाळणाघराची फी.

"ती नाही चालणार. पर्सनल."

"पण सर, त्याला तिथे ठेवल्याशिवाय मी साइटवर जाणार कशी?"

"मान्य. पण खर्च संपूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठीच झालेला लागतो. मुलगा काही धंद्यासाठी नाही ना झाला?"

यावर काय बोलणार? लॅपटॉपच्या देखभालीचा वार्षिक करार खर्चात बसतो, पोराच्या देखभालीचा बसत नाही. सुताराचं पोट भरलं तर धंदा, स्वतःच्या मुलाचं भरलं तर हौस.

सीए दुष्ट नव्हता. त्याने ४४-एडीए कलम काढलं. फी म्हणून जमा झालेल्या रकमेतला निम्मा भाग कायदा न विचारता खर्च धरतो, उरलेला निम्मा तुमचा नफा. पावती नको, वही नको. इतका विश्वास सासरीसुद्धा कोणी टाकला नव्हता, असं बाईला क्षणभर वाटलं. मग तिने हिशेब केला. प्लायवूड, पॉलिशवाला आणि भाड्याचा गाळा भागवून तिच्या हाती निम्मे राहतच नव्हते. तसं असेल तर? तर हिशेबाच्या वह्या ठेवा, ऑडिट करा आणि ऑडिटरची फी द्या. ती फी मात्र खर्चात चालते.

पुढचा प्रश्न जुनी करप्रणाली की नवी. शाळेची फी वजा करायची तर जुनी हवी, आणि तिथेही फक्त ट्यूशन फी; शाळेने पावतीवर लावलेला विकास निधी आणि बसचे पैसे आईच्या नशिबी. शिवाय विमा, पीपीएफ आणि ही फी, सगळ्यांनी मिळून दीड लाखाच्या एकाच खोलीत राहायचं. नव्या प्रणालीत शाळा नावाची गोष्टच नाही, दर तेवढे कमी. नोकरदार दर वर्षी हवी ती निवडतो, वर नवीत ७५ हजारांची प्रमाणित वजावटही उचलतो. ती हिला नाही. व्यवसाय करणारीने जुनी धरली आणि नंतर नवीकडे आली, तर धंदा चालू आहे तोवर जुनीचं तोंड पुन्हा पाहायचं नाही. कौटुंबिक न्यायालय याहून लवचीक होतं, असं ती म्हणाली. ते फॉर्मात लिहायला जागा नव्हती.

जागा कशाला आहे ते बघा. शेवटी सत्यापन असतं: मी अमुक, अमुक यांची मुलगी. चाळिशीच्या बाईचा बाप खात्याला हवा. मोठ्या फॉर्मात तर आणखी विचारतात, तुम्हाला पोर्तुगीज नागरी संहिता लागू आहे का? गोव्यातल्या नवराबायकोचं काही उत्पन्न त्या संहितेमुळे दोघांत समान वाटलं जातं, म्हणून. पोर्तुगीज गोव्यातून गेले १९६१ साली, त्या हंगामात लागू असलेला आयकर कायदाही १९६१ चाच. त्यांची विचारपूस अजून चालू आहे. हिंदू अविभक्त कुटुंबाला स्वतंत्र पॅन आणि स्वतंत्र करमुक्त मर्यादा मिळते. पण 'एकटीने वाढवत असलेली मुलं किती' असा रकाना कुठेही नाही.

नाही म्हणायला मुलगा एका वाटेने आत येऊ शकतो. आजीने त्याच्या नावावर मुदत ठेव ठेवली होती. व्याज दिसताच कायदा जागा झाला. अल्पवयीन मुलाचं उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवायचं. लग्न टिकलं नसेल तर जो पालक मुलाला सांभाळतो त्याच्या. म्हणजे ही त्याला सांभाळते, हे सरकारला नीट ठाऊक आहे! यातले दर मुलामागे १,५०० रुपये माफ. ही रक्कम गेल्या शतकात ठरली, आणि तीही जुन्या प्रणालीतच. नवीत तेवढेही नाहीत.

त्या वर्षी विवरणपत्राची मुदत ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली, मग एका दिवसाने १६. एवढी एक सवलत मात्र बापाचं नाव न विचारता मिळाली.

निघताना बाईने सहज विचारलं, मुलाला चित्रकलेच्या स्पर्धेत दोन हजारांचं बक्षीस मिळालंय, तेही माझ्यात धरायचं का?

"नाही, नाही! ती त्याची स्वतःची कला. ते उत्पन्न त्याचं."

"आणि रंगपेटी मी घेतली, तिचा खर्च?"

सीए बराच वेळ छताकडे बघत राहिला. "पर्सनल," तो म्हणाला. "पण पोरगा असाच कमावत राहिला तर त्याचं पॅन कार्ड काढून ठेवा. आई एकटी असेल तर २०१८ पासून त्याला वडिलांचं नाव लागत नाही."