स्प्रिंग जमा करा, दस्ता ठेवा

अमेरिकेत पॉइंट टू-टू रायफलसाठी ‘एकिन्स ॲक्सिलरेटर’ नावाचा दस्ता निघाला. आतली स्प्रिंग बंदूक पुढे ढकलायची. बोट जागच्या जागी, आणि गोळ्यांची माळ लागलेली. सरकारी खातं आधी म्हणालं, चालेल. 2006मध्ये म्हणालं, अरेच्चा, ही तर मशीनगन! स्प्रिंग काढून जमा करा, दस्ता ठेवा. मग बिनस्प्रिंगचे दस्ते आले, तेही चालले. 2017मध्ये असेच दस्ते लावलेल्या बंदुकांनी लास व्हेगासचं हत्याकांड झालं, तेव्हा कुठे बंदीची लगबग. 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी ठरवलं: प्रत्येक गोळीला चाप नव्याने हलतो, सबब बिनस्प्रिंगच्या दस्त्याची बंदूक मशीनगन नव्हे. निकालपत्रात चापाच्या आकृत्याही आहेत. सुबक आहेत हो, आयटीआयच्या वहीत शोभतील अशा.