झारीतले शुक्राचार्य

पेणला आमच्या आळीत एक काका राहतात. नाव सांगत नाही. सांगायची गरजही नाही, कारण असे एक काका तुमच्याही आळीत असणार. त्यांच्या माजघरात दर पावसाळ्यात एकाच कौलातून पाणी गळतं आणि त्याखाली एकच बादली ठेवली जाते. बादलीचा रंग उडाला, कडी तुटली, पण कौल तेच. "काका, कौल बदला की," म्हटलं तर ते बादलीकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "चालतंय ना!" भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. ते मागे करण्याऐवजी सगळं घर वजाबाकी शिकलंय. चष्म्याची काडी सेफ्टी पिनवर, कुकरची मूठ सुतळीवर आणि काकांचं ब्लडप्रेशर देवावर. या सगळ्याचं भरतवाक्य एकच, "चालतंय ना!"

हा एक संप्रदाय आहे. त्याला दीक्षा लागत नाही आणि वर्गणी तर नाहीच नाही. त्याचं एकमेव तत्त्व असं की, जी वस्तू अजून बंद पडलेली नाही ती उत्तम स्थितीत आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून 'चाललंय' आणि काकांचं सगळं 'चालतंय'. दोन्हींत अक्षराचा फरक आहे, वृत्तीचा नाही.

काकांची गाडी म्हणजे जुनी पांढरी मारुती. तिच्यावर त्यांचं अतोनात प्रेम. रोज सकाळी पिवळं फडकं घेऊन ते तिला अशी पुसतात की, हमरापूर-जोह्याच्या कारखान्यातला कारागीरही रंगवलेल्या गणपतीवरून इतका हलका हात फिरवत नसेल. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच आहे, त्यामुळे वळणावर आतली माणसं डावीकडून उजवीकडे घसरत जातात. पुढे लिंबू-मिरची, आत गणपती, मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद'. थोडक्यात, दिसतं तेवढं सगळं चकाचक. बॉनेट मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने गाडी आली त्या दिवशी पूजेसाठी उघडलं होतं, तेवढंच. दर शनिवारी न चुकता मारुतीला तेल वाहणाऱ्या या गृहस्थांच्या मनात, दारातल्या मारुतीलाही तेल लागतं, हा विचार कधी आला नाही.

अगदीच आला नाही असं नाही. तेल कमी झालं की ते कुणाकडून तरी वरून थोडं ओतून घेत. पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालावं, तसं. याला ते 'ऑइल केलं' म्हणत.

"काका, ओतणं वेगळं आणि बदलणं वेगळं," मी एकदा म्हणालो.

"अरे, पण मी गाडी वापरतोच कुठे? घर ते बाजार, बाजार ते स्टेशन. तेल खराब व्हायला ते काय दूध आहे?"

युक्तिवाद बिनतोड होता. फक्त पूर्ण उलटा होता. रोज शंभर किलोमीटर पळणाऱ्या गाडीपेक्षा रोज दीड किलोमीटर जाणाऱ्या गाडीचं तेल कमी किलोमीटरमध्ये बिघडतं, हे पुढे रोह्याच्या एका मेकॅनिकने आम्हाला भाताच्या पातेल्याचं उदाहरण देऊन समजावलं. पण तिथवर पोचायचं तर आधी भिसे खिंड चढायला हवी.

काकांची सासुरवाडी रोह्याची. दसऱ्याच्या उत्सवात रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस दल तिला सलामी देतं. ते पाहायला काका दरवर्षी सहकुटुंब जातात. गाडीची वर्षातली लांबची मजल ती एवढीच. "एक जागा आहे, चल," म्हणाले, म्हणून त्या वर्षी मीही बसलो. पेणहून रोह्याला रेल्वेही जाते. मध्य रेल्वे रोह्याला संपते आणि तिथून कोकण रेल्वे सुरू होते. आमचीही काहीतरी हद्द त्या दिवशी संपणार होती, पण स्टेशनच्या बरीच अलीकडे.

वडखळ गेलं. महामार्गावर गाडीने सगळ्या खड्ड्यांची नावनिशीवार ओळख करून घेतली. नागोठण्याला आत वळलो आणि भिसे खिंडीची चढण लागली. तेवढ्यात काकांच्या समोर एक लाल दिवा पेटला. दिव्यात चित्र झारीचं आणि झारीच्या तोंडाशी एक थेंब.

"पाणी मागतेय," काकांनी निदान केलं.

गाडी कडेला घेऊन त्यांनी बॉनेटची कळ शोधायला घेतली. आधी पेट्रोलची टाकी उघडली, मग डिकी. शेवटी बॉनेट उघडलं तेव्हा आत दिसलेल्या पहिल्या झाकणात त्यांनी पिण्याच्या पाण्याची अख्खी बाटली रिकामी केली. ती काच धुण्याच्या पाण्याची टाकी होती. पुढची काच स्वच्छ झाली, दिवा तसाच राहिला. काकूंच्या पर्समधली एक टिकली काढून काकांनी दिव्यावर चिकटवली. "हां. आता डोळ्यावर येत नाही."

अर्ध्या फर्लांगावर टकटक सुरू झाली. आधी हळू, मग द्रुत लयीत.

काकांचा चेहरा उजळला. "ऐकलंत? ढोल! पालखीचा सराव चाललाय रोह्यात."

"काका," मी म्हणालो, "ढोल बॉनेटमध्ये वाजतोय. इंजिन बंद करा."

आयुष्यात प्रथमच त्यांनी चालती गाडी बंद केली. माझ्या मते त्यांच्या हातून घडलेली ही सगळ्यात मोठी दुरुस्ती. आणखी दोन किलोमीटर 'चालतंय' म्हणाले असते, तर कोरडी पडलेली बेअरिंग घासून इंजिन जाम झालं असतं.

एका टेम्पोने दोर बांधून आम्हाला रोह्यात ओढत नेलं. गॅरेजवर पोचलो तर सगळे पाने पत्र्यावर ओळीने मांडलेले, त्यांवर झेंडूची फुलं, जॅकला हळदकुंकू. मेकॅनिकने पांढरा शर्ट घातला होता. "काका, हत्यारं पूजेला बसलीत. आज पाना उचलायचा नाही. उद्या पालखी झाली की बघू."

"पण एवढंसं तर काम—"

"एवढंसं असतं तर दोराने आला नसता."

दुसऱ्या दिवशी दुपारी काम निघालं. मेकॅनिकने आधी तेल भरायच्या तोंडाचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून काकांपुढे धरलं. झाकणाला आतून पिवळट, लोण्यासारखा लगदा चिकटला होता.

"हे काय?"

"पाणी आणि तेल. तुम्हीच घुसळलंय."

मग ते भाताचं पातेलं आलं. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते, एका लिटर पेट्रोलमागे जवळजवळ एक लिटर पाणी. बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या कडेने खाली तेलात उतरते. इंजिन नीट तापलं तर ती उडून जाते. बाजारापर्यंत जाऊन बंद केलं, तर अर्धवट शिजलेल्या भाताच्या झाकणासारखं आतून पाणी सुटतं आणि पुन्हा तेलातच गळतं. त्यात थोडं न जळलेलं पेट्रोल, थोडी काजळी. तेलात मळ धरून ठेवणारी रसायनं असतात, तीही एक दिवस संपतात. मग मळ खाली बसायला लागतो. म्हणून किलोमीटर भरोत न भरोत, वर्षातून एकदा तेल बदलायचंच.

"कधी बदललं होतं?"

काका गप्प. काकूंनी उत्तर दिलं, "धाकटी दहावीला होती तेव्हा." धाकटीचा मुलगा आता बालवाडीत आहे.

खालचा नट सोडला. या इंजिनात जेमतेम तीन लिटर तेल मावतं. तीन लिटर धो धो यायला हवं होतं. आली ती एक काळी जाड दोरी, काकवीसारखी, तीही मध्येच थांबली.

काकांना एव्हाना धीर आला होता. "थोडं रॉकेल घालून चालू कर ना. सगळं धुऊन निघेल. नाहीतर ती बाटली मिळते ना, ओतायची आणि पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं."

"थोडा मळ असता तर बाटली ओतली असती. इथे गटार तुंबलंय. वरून पाणी सोडलं तर सगळी ढेकळं जाऊन नेमकी जाळीवर बसतील. आणि रॉकेलने तेल पातळ झालं की बेअरिंग गेलं. हे हातानेच काढायचं."

त्याने आधी वरचं टॅपेट कव्हर उतरवलं. आत व्हॉल्व्ह, स्प्रिंगा असं काहीतरी असतं म्हणतात. आम्हाला दिसला तो नुसता काळा, चकाकता चिखल. महामार्गाला कमी पडलेलं डांबर इथे साठवल्यासारखा. मग गाडीखाली शिरून त्याने तेलाचं चेंबर उतरवलं. त्याच्या तळाशी बोटभर गाळ. आणि वर, तेल ओढून घेणाऱ्या पाइपच्या तोंडाशी एक वाटीएवढी जाळी, तिची सगळी भोकं बुजलेली. जेमतेम एक कोपरा उघडा. तेवढ्यावर बिचारं इंजिन रोज बाजारात जात होतं.

मेकॅनिकने सायकलची एक तार घेतली आणि जाळीत खुपसली. काळा गोळा सुटून कागदावर पडला.

मला एकदम वामनावतार आठवला. बळीराजा दानाचं उदक सोडायला निघाला, तेव्हा शुक्राचार्य बारीक होऊन झारीच्या तोटीत बसले. वामनाने दर्भाची काडी आत खुपसली आणि गुरुजींचा एक डोळा गेला. समोरच्या काचेमागे झारीचा दिवा पेटतो तो याचसाठी! झारीत तेल आहे, पण तोटीत कुणीतरी बसलंय. काका मात्र झारीला टिकली लावून मोकळे झाले होते.

मी हे सांगितलं तेव्हा काका हसले नाहीत. तो काळा गोळा त्यांनी बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला आणि बराच वेळ पाहिला. "रोज पुसत होतो रे मी हिला," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी बाह्या सरसावल्या, एक ब्रश मागून घेतला आणि डिझेलच्या ट्रेमध्ये चेंबर घासायला बसले. मेकॅनिकने धातूवर चरे पडू नयेत म्हणून लाकडी पट्टीने गाळ खरवडला, तेल परतायच्या वाटा तारेने मोकळ्या केल्या, हवा मारली, नवीन गॅस्केट घातलं. नवीन फिल्टर, नवीन तेल. जुनं तेल त्याने पिंपात ओतलं. "गटारात सोडलं की थेट कुंडलिकेत," म्हणाला. शेवटी प्लगच्या वायरी काढून नुसता सेल मारला. इंजिन चालू न होता फिरत राहिलं. तीन-चार वेळा सेल मारल्यावर तेल वर चढलं आणि टिकलीखालचा दिवा विझला. मग कुठे वायरी जोडल्या.

"पाचशे किलोमीटरला हे तेल परत काढायचं, फिल्टरसकट. राहिलेला मळ त्यात येईल."

"नवंकोरं तेल? पाचशेला?"

मेकॅनिकने काही न बोलता बिलाचा कागद पुढे केला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं नाव ज्या रोह्याशी जोडलेलं आहे, त्या रोह्यात बसून काकांनी बोटांवर हिशेब केला. वाचवलेल्या तेलाची बेरीज एकीकडे, बिल दुसरीकडे. मान हलली, ओठ हलले, शब्द आला नाही.

परतीच्या वाटेवर इंजिन इतकं शांत होतं की, वडखळच्या सिग्नलला काकांना गाडी बंद पडली असं वाटलं आणि त्यांनी चालू इंजिनावर पुन्हा किल्ली फिरवली. जो खर्रर्र आवाज झाला त्याने त्यांना फार बरं वाटलं.

हे झाल्यापासून काका बदललेत. काकांसारखी माणसं बदलली की जास्त धोकादायक होतात. आता रोज सकाळी ते आधी बॉनेट उघडतात. तेलाची पट्टी ओढतात, पुसतात, परत घालतात, परत ओढतात आणि उजेडात धरून सोनार कस बघतो तसा रंग बघतात. कालनिर्णयवर प्रदोष आणि संकष्टीच्या मध्ये 'ऑइल' लिहिलेलं असतं. जाळीतला तो गोळा त्यांनी एका बाटलीत ठेवलाय. दारावर येणाऱ्या प्रत्येकाला, पोस्टमनलासुद्धा, तो दाखवला जातो. कौल मात्र तेच आहे आणि बादलीही तीच.

परवा सकाळी माझ्या दारात बेल वाजली. काका, खांद्यावर पिवळं फडकं.

"तुझी स्कूटर कुठाय? घर ते स्टेशन, स्टेशन ते घर, एवढीच फिरते ना रे ती? काढ पट्टी. बघू."

मी स्कूटरकडे पाहिलं. शेवटचं तेल कधी बदललं ते आठवून पाहिलं. तेव्हा धाकटी बहुतेक बारावीला होती.

आणि माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "राहू दे हो काका. चालत्येय ना!"