आजी आणि एफ/१.८

स्वस्तातली प्राइम लेन्स निवडताना घाई करू नये. या बाबतीत आमच्या दादाचं कौतुकच करायला हवं. आजीचा एक झकास फोटो काढायचा, एवढ्यासाठी त्याने तीन वर्षं अभ्यास केला.

सुरुवात कॅननच्या ५० एमएम एफ/१.८ पासून. वजन जेमतेम १६० ग्रॅम, आजीच्या अडकित्त्याहून हलकी. दादाच्या क्रॉप सेन्सरवर ती ८० एमएमचं काम करते, म्हणजे चेहऱ्याला अगदी बेतशीर. सामान्य माणसाने इथेच पाकीट उघडलं असतं.

पण पार्श्वभूमी पुरेशी विरघळत नाही, असं दादाच्या लक्षात आलं. मग ८५ एमएम. मग एफ/१.४. मग एफ/१.२, जिच्यात जवळून एक डोळा रेखीव येतो आणि दुसरा धूसर. आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालेलं, त्यामुळे ही लेन्स वस्तुस्थितीला धरूनच होती. याच वाटेने आणखी पुढे गेलं, तर मागचं तुळशीवृंदावन विरघळेल, मग घर, मग खुद्द आजी. उरेल तो निव्वळ बोके. (शब्द जपानी आहे, मांजरांचा संबंध नाही.)

गेल्या महिन्यात आजीचा फोटो तातडीने लागला. वर्तमानपत्राच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, आधार कार्डावरचाही चालेल.

दुसऱ्या दिवशी दादाने छापलेला चौकोन भिंग लावून बराच वेळ पाहिला.

“पार्श्वभूमी मात्र स्वच्छ आलीय,” तो म्हणाला.