आइंडहोवनचे परप्रांतीय

महाराष्ट्रात राहायचं तर मराठी आलंच पाहिजे, यावर आइंडहोवनमधल्या मराठी माणसांचं एकमत आहे. मुंबईत कुणी मराठी बोलायला नकार दिल्याचा व्हिडिओ फिरू लागला की इथल्या ग्रुपवर सगळ्यात आधी पेटून उठतात ते आठ-आठ वर्षं नेदरलँड्समध्ये काढलेले गृहस्थ. ‘ज्या मातीत पोट भरता तिची भाषा शिकायला काय होतं?’ हा त्यांचा सवाल. तो टाइप करताना ते सुपरमार्केटच्या रांगेत उभे असतात. गल्ल्यावरची शाळकरी पोरगी पावती हवी का, असं डचमध्ये विचारते. गृहस्थ ‘सॉरी?’ म्हणतात. पोरगी तेच इंग्रजीत विचारते. मातीचा प्रश्न मिटला.

विचारलंत तर सांगतील, अहो, इथे सगळ्यांना इंग्रजी येतं. येतंच. मुंबईत मराठी न शिकणाराही हेच सांगतो, की इथे सगळ्यांना हिंदी येतं. पण तो माजोरडा आणि आपण ग्लोबल.

डच माणूस आमच्याविषयी काय बोलतो ते आम्हाला कळत नाही, कारण तो डचमध्ये बोलतो. कळलं असतं तर फार ओळखीचं वाटलं असतं. बाहेरून येतात, भाडी वाढवून ठेवतात, आपापल्यात राहतात, भाषा शिकत नाहीत, सवलती मात्र सगळ्या घेतात. दादरच्या कट्ट्यावर बसून आम्ही जे म्हणत आलो तेच, फक्त आवाज न चढवता.

सवलतीचंच बघा. परदेशातून खास कौशल्यासाठी आणलेल्या माणसाच्या पगाराच्या ३० टक्क्यांपर्यंत रकमेवर इथलं सरकार कर घेत नाही, ५ वर्षं. अट अशी, की नोकरी लागण्याआधीच्या २४ महिन्यांपैकी १६हून अधिक महिने तो डच सीमेपासून १५० किलोमीटरच्या पलीकडे राहिलेला हवा. म्हणजे बेल्जियममधल्या अँटवर्पच्या इंजिनियरला सवलत नाही, कोथरूडच्या इंजिनियरला आहे. आणि शेजारच्या टेबलावर तेच काम करणारा इथल्याच ब्राबांट प्रांतातला पोरगा सगळा कर भरतो. उद्या हिंजवडीत असं जाहीर झालं, की बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला ५ वर्षं ३० टक्के पगार करमुक्त आणि पुणेकराला ठेंगा, तर अलका टॉकीजच्या चौकात संध्याकाळपर्यंत काय काय पेटलेलं असेल?

डच लोकांनी काय केलं, तर संसदेत चर्चा. २०१९ मध्ये ८ वर्षांची मुदत ५ वर आणली. मग २०२४ साठी ३०, २०, १० अशी उतरती भाजणी लावली. मग तीही मागे घेतली आणि २०२७ पासून सरसकट २७ टक्के ठरवले. तिसाचे सत्तावीस! त्या काळात ग्रुपवर ‘विश्वासघात’, ‘आता परत जायलाच हवं’ वगैरे बरंच झालं. अजून कुणी गेलेलं नाही.

जाणार तरी कसे? शेजारच्या वेल्डहोवनमध्ये एएसएमएल आहे. १९८४ मध्ये फिलिप्सच्या भागीदारीतून सुरू झालेली ही कंपनी चिप छापणारी यंत्रं करते आणि आता जगभर तिची ४० हजारांवर माणसं आहेत. बाहेरच्या लोकांना आणणं सरकारने अवघड केलं तर आम्ही इतरत्र वाढू, असं तिने सुचवल्याबरोबर मार्च २०२४ मध्ये सरकारने या भागातली घरं, रस्ते-रेल्वे आणि शिक्षण यांसाठी २५० कोटी युरो काढले. योजनेचं नाव बेथोव्हेन. राजकारणी मतदारांसमोर आम्हाला शिव्या घालतो आणि कंपनीसमोर आमच्यासाठी पायघड्या घालतो. हा प्रकार समजून घ्यायला मराठी माणसाला दुभाषा लागू नये.

घर भाड्याने घ्यायचं तर उत्पन्न भाड्याच्या तिप्पट-चौपट दाखवावं लागतं. स्थानिक शिक्षिका तिथेच गळते. आमच्याकडे कंपनीचं पत्र असतं. घरमालक आम्हाला झुकतं माप देतो आणि त्याचं आम्हाला काही वाटत नाही. ‘आयटीवाले चालतील, बॅचलर नको’ अशा पाट्यांखालीच आम्ही वाढलो. मात्र इथे ‘मोकळं घर’ घेतलं तर ते अक्षरशः मोकळं मिळतं. आधीचा भाडेकरू जाताना पडदे नेतो, दिवे नेतो, अंथरलेली लाकडी जमीनसुद्धा उचकटून नेतो. खाली उरतं नुसतं काँक्रीट. ते पाहून बाणेरमध्ये मॉड्युलर किचनच्या हँडलवरून भांडलेल्या माणसाची वाचा जाते.

मग सुरू होतं साहेबपणाचं विसर्जन. कचरा कुठे जातो हे ज्याने उभ्या आयुष्यात पाहिलं नाही, तो ओला कचरा वेगळा, कागद वेगळा, प्लास्टिक-डबे वेगळे करायला शिकतो आणि काचेच्या बाटल्या रंग पाहून वेगवेगळ्या भोकांत टाकतो. छोट्या बाटलीमागे आणि कॅनमागे १५ सेंट परत मिळतात म्हणून लाखांत कमावणारा माणूस पिशवी घेऊन यंत्रासमोर उभा राहतो. पुण्यात भंगारवाल्याशी रद्दीच्या भावावरून घासाघीस करायची बायकोने, कारण ते आपल्याला शोभत नाही. इथे शोभतं. सायकलचंही तसंच. गावी सायकल म्हणजे दूधवाल्याची आणि वॉचमनची. इथे ती पर्यावरणाची. हातात फोन धरून ती चालवण्यावर २०१९ पासून बंदी आहे आणि दंड दीडशे युरोंच्या वर, त्यामुळे आमचा माणूस दिवसातून निदान वीस मिनिटं तरी ग्रुपवर नसतो.

डॉक्टरवर फार लिहीत नाही, कारण प्रत्येक भारतीयाचं ते लिहून झालं आहे. तुम्ही ताप सांगता, तो पॅरासिटामॉल सांगतो, दहा मिनिटं संपतात. वर विम्यात पहिले ३८५ युरो तुमचे तुम्हीच भरायचे, म्हणून अर्धा आइंडहोवन डिसेंबरात पुण्याला जाऊन ‘फुल बॉडी’ तपासण्या करतो आणि काही निघालं नाही की खट्टू होऊन परत येतो.

खरी गंमत शाळेत आहे. इथे मूल चार वर्षांचं झालं की शाळेत जातं आणि आम्ही विचारतो, अक्षरं कधी शिकवणार? बाई म्हणतात, सध्या ते खेळतंय. पोहण्याचा वर्ग लागतो. पोरांना अंगात कपडे, पायात बूट घालून पाण्यात उतरवतात, कारण कालव्यात पडणारा पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही. पहिला दाखला ‘ए’, पुढचा ‘बी’, त्यापुढचा ‘सी’. मुलाची प्रगती ए वरून सी कडे होते आहे, हे सोलापूरच्या आजोबांना फोनवर पटवून देता देता बापाला घाम फुटतो.

प्राथमिक शाळेच्या आठव्या गटात, अकरा-बारा वर्षांच्या वयात, शिक्षक सांगतात की हे मूल पुढे कुठल्या शाळेत जाईल. हाताला काम शिकवणाऱ्या व्हीएमबीओत, मधल्या हाव्होत की विद्यापीठाकडे नेणाऱ्या व्हीडब्ल्यूओत. निम्म्याच्या आसपास डच मुलं पहिल्या वाटेने जातात. त्यातून सुतार होतात, परिचारिका होतात, वीजतंत्री होतात, स्वतःचं घर बांधतात आणि उन्हाळ्यात तंबू घेऊन फ्रान्सला जातात. शेजारच्या घरचा पोरगा तिथे गेला तर त्याचे आईबाप केक वाटतात. आमच्या घरी मधल्या हाव्होचा सल्ला आला तरी सुतक. या वयात मुलांची अशी वाटणी करावी का, हा प्रश्न योग्यच आहे आणि डच लोकही तो आपसांत विचारतात. आमची हरकत वाटणीला नसते. आपलं मूल वरच्या ढिगात का नाही, याला असते. शिक्षिका म्हणतात, ‘मुलगा आनंदी आहे.’ बाप विचारतो, ‘ते ठीक, वर्गात कितवा आहे?’ आणि हा संवाद शिक्षिकेच्या डचमधून बापाच्या इंग्रजीत आणि पुन्हा उलटा करत असतो तो हाव्होवाला पोरगाच. दोन परक्या भाषा आणि घरातली मराठी सांभाळत स्वतःच्याच प्रगतीची बोलणी करणारा. बापाच्या हे ध्यानात येत नाही.

मूल बोलतं, आईबाप बोलत नाहीत. याचा थोडा दोष डच माणसाकडेही जातो. तुम्ही धीर करून तोडकंमोडकं डच बोललात की तो मदतीच्या भावनेने लगेच इंग्रजीवर येतो. पुण्यातला दुकानदार अमराठी गिऱ्हाईक दिसलं की हिंदीवर येतो आणि नंतर तक्रार करतो, त्याचा हा सख्खा भाऊ. पण हा दोष फार तर चार आण्यांचा. बाकी बारा आणे आमचे. ५ वर्षं भरत आली आणि कायमचं राहण्याचे किंवा पासपोर्टचे वेध लागले, की तेच गृहस्थ रात्र-रात्र जागून डच घोकतात. वाचन, श्रवण, लेखन, बोलणं आणि वर डच समाजाविषयीचे प्रश्न, असे सगळे पेपर सोडवतात आणि पास होतात. हुशार माणसं. मग भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड काढतात आणि डच विसरतात. भाषा शिकता येत नाही हा बहाणा त्या निकालपत्राने खोटा पाडलेला असतो. फक्त तिचा दाखला लागत नाही तोवर ती लागत नाही.

आता जरा कडू. आमच्या बैठकीत दुसऱ्या चहानंतर एक विषय हमखास निघतो. ‘ते तुर्की आणि मोरोक्कन बघा, तीन पिढ्या झाल्या, मिसळतच नाहीत.’ हे मराठीत, मराठी घरात, फक्त मराठी पाहुण्यांसमोर. २०२३ च्या निवडणुकीत स्थलांतरितांविरुद्ध बोलणाऱ्या खेर्ट विल्डर्सच्या पक्षाने १५० पैकी ३७ जागा मिळवल्या, तेव्हा आमच्यातले काही जण खुश होते. ‘तो आपल्याविषयी बोलत नाही, त्यांच्याविषयी बोलतो.’ पुढे विद्यापीठांतली इंग्रजी कमी करा, परदेशी विद्यार्थी कमी करा, करसवलत कापा, अशी एकेक चर्चा जोर धरत गेली, तेव्हा खुशी जरा ओसरली. जाळं टाकणारा मासे नाव विचारून पकडत नाही, हे कोळीवाड्यातल्या पोरालाही माहीत असतं.

हे शहर बाहेरच्यांच्या जिवावरच वाढलं. फिलिप्सची सुरुवात इथली, १८९१ ची. १९२० च्या दशकात तिला स्थानिक हात पुरेनात, तेव्हा कंपनीने उत्तरेच्या ड्रेंथे प्रांतातून गरीब कुटुंबं आणली आणि त्यांच्यासाठी वस्ती बांधली. तिचं नाव आजही ड्रेंट्स डोर्प, म्हणजे ड्रेंथेवाल्यांचं गाव. बोली वेगळी, चालीरीती वेगळ्या. त्यांची पतवंडं आज अस्सल ब्राबांटी ढंगात ‘हाउदू’ म्हणून निरोप घेतात आणि इथला फुटबॉल संघ पीएसव्ही हरला की त्यांची अन्नावर वासना राहत नाही. १९६०च्या दशकात स्पेन, तुर्कस्तान, मोरोक्कोहून कामगार देशात आले. त्यांच्यामागून आम्ही. पगार सोडला तर रांग तीच आहे, आणि तीत आपला नंबर शेवटचा.

मिसळायचं कुठे, असंही आम्ही विचारतो. फेब्रुवारीच्या सुमारास कार्निव्हल येतो. चार दिवस शहर आइंडहोवन हे नाव टाकून ‘लाम्पेगाट’ होतं, दिव्यांच्या कारखान्यांची आठवण म्हणून. बँकेचा मॅनेजर कोंबडा होऊन फिरतो, प्लंबर राजपुत्र होतो, कुणाचीही ओळख नसली तरी कुणाच्याही खांद्यावर हात टाकून गाता येतं. वर्षभर तीन आठवडे आधी वेळ ठरवल्याशिवाय चहाला न बोलावणारा डच माणूस याच चार दिवसांत दार सताड उघडतो. नेमक्या त्याच सुट्टीत आम्ही पॅरिसला जातो. परत येऊन म्हणतो, डच लोक फार कोरडे.

गणपतीत आम्ही त्यांना बोलावतो, हे कबूल. मोदक देतो, फोटो काढतो, आरतीच्या वेळी मागे उभे करतो. त्यांचा कुणी ‘हे काय गाताय?’ असं विचारतो तेव्हा आम्ही इंग्रजीत सांगतो आणि तोही समजूतदारपणे मान हलवतो.

आता एवढंच सांगायचं आहे. इथल्या ग्रंथालयांत ‘टालकफे’ चालतात. आठवड्यातून एकदा निवृत्त डच आजी-आजोबा नुसतं बोलायला येऊन बसतात. ते इंग्रजीवर येत नाहीत, चुकलात तर हसत नाहीत. टेबलाभोवती सीरियन सुतार, युक्रेनियन शिक्षिका, एरिट्रियाचा कूक असतात. आमच्यातलं कुणी क्वचितच. फी नाही, परीक्षा नाही, दाखलाही नाही. तेव्हा येत्या आठवड्यात जाऊन बसा. कॉफी मिळते. बिस्किट मात्र एकच मिळेल, दुसरं मागू नका.