साहेब नक्की कोणते?

पुण्यात बसून मेक्सिकोच्या गिऱ्हाइकांची कामं करणाऱ्याला स्पॅनिशमधली क्रियापदं फारशी छळत नाहीत, छळतात ती पदनामं. क्रियापदाची रूपं घोकता तरी येतात. साहेबाची रूपं मात्र देशागणिक बदलतात.

क्लासात तक्ता सोपा होता. हेफे म्हणजे साहेब, हेरेन्ते म्हणजे मॅनेजर, दिरेक्तोर म्हणजे संचालक. आता बँकेच्या शाखेतली मुख्य खुर्ची घ्या. मेक्सिकोत तिच्यावर हेरेन्ते बसतो आणि माद्रिदमध्ये दिरेक्तोर. चिलीत 'हेरेन्ते हेनेराल' म्हटलं की अख्ख्या कंपनीचा सर्वेसर्वा. स्पेनमध्ये त्या उंचीवर 'कोन्सेहेरो देलेगादो' असतो. कोन्सेहेरोचा साधा अर्थ सल्लागार. आपल्याकडे सल्लागार म्हणजे निवृत्तीनंतर ऑफिसात येऊन चहा पिऊन जाणारे गृहस्थ. तिकडे ते कंपनी चालवतात. शिवाय स्पेनमधल्या प्रांतिक सरकारचा मंत्रीही कोन्सेहेरोच. त्यामुळे समोरचा कोन्सेहेरो ऑर्डर देणार, अनुदान देणार की नुसताच सल्ला, हे व्हिजिटिंग कार्ड उलटसुलट वाचल्याशिवाय कळत नाही.

मेक्सिकोने हा गुंता पदवीने सोडवला आहे. पदवीधर तो 'लिसेन्सियादो', इंजिनियर तो 'इन्हेनिएरो'. ही बिरुदं ईमेलच्या सहीत नावाआधी येतात आणि बोलताना त्यांचं नुसतं 'लिक' आणि 'इन्हे' होतं. "लिक, तुमचं काय मत?" असं कुणी विचारलं की निम्मी मीटिंग म्यूट काढते.

त्यातून मेक्सिकोत बोलीभाषेत आईलाही 'मि हेफा' म्हणतात. "हेफाला विचारून सांगतो," असं ऐकलं की मंजुरी फायनान्समध्ये अडली आहे की घरी, याचा अंदाज बांधत बसायचं. तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे रात्रीचे साडेआठ. त्या वेळी माझीही हेफा ताट वाढून हाका मारत असते. तिच्या अधिकारांबद्दल मात्र आमच्याकडे कुणालाच शंका नाही.

स्पेनमध्ये तर बारमधलं गिऱ्हाईक वेटरलाच 'हेफे' अशी हाक मारतं. आपला रिक्षावाला दिसेल त्याला 'शेठ' म्हणतो, त्यातलाच प्रकार. फुटबॉलच्या प्रशिक्षकाला खेळाडू 'मिस्तेर' म्हणतात. ओळीने चार सामने हरला की तो खरोखरच नुसता मिस्टर होऊन घरी जातो.

बाई साहेब झाल्या तर काय म्हणायचं, याची सोय मात्र भाषेने फार आधी करून ठेवली होती. 'प्रेसिदेन्ता' हा शब्द स्पॅनिश अकादमीच्या कोशात १८०३ पासून आहे. मेक्सिकोत राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीवर बाई बसायला २०२४ उजाडलं, आणि क्लाउदिया शेनबाउम यांनी आपल्याला 'प्रेसिदेन्ता'च म्हणायचं, असं आवर्जून बजावलं. पद कोशात मंजूर, नेमणूक २२१ वर्षांनी. सरकारी भरतीला वेळ लागतो, हे दोन्ही देशांत सारखंच.

तेव्हा स्पॅनिश शिकणाऱ्यांनो, पदनामांचा तक्ता जरूर पाठ करा, परीक्षेत त्याला मार्क असतात. पण धंदा करायचा असेल तर आकडा ऐकल्यावर सगळ्यांच्या माना कुणाकडे वळतात ते बघा. त्याला 'उस्तेद' म्हणजे 'आपण' म्हणा. मेक्सिकोला पत्र लिहिताना अगदीच अडलात तर सरळ 'लिसेन्सियादो' लिहून टाका. पदवी नसलेल्यालाही त्याचा राग आल्याचं ऐकिवात नाही. इंजिनियर तेवढे चिडतात.