किती फूट?

मालवणात पाहुणा आला की पूर्वी आम्ही विचारायचो, ‘मासे खाणार ना?’ हल्ली बॅग खाली ठेवायच्या आत पाहुणाच विचारतो, ‘पुतळा किती फूट?’

हे उत्तर आम्हाला दोनदा पाठ करावे लागले. पहिले 35 फूट. नौदल दिनी, 4 डिसेंबर 2023 ला, मालवणच्या राजकोट किल्ल्यावर पंतप्रधानांनी शिवाजी महाराजांच्या या पुतळ्याचे अनावरण केले. 26 ऑगस्ट 2024 ला, ऐन गोकुळाष्टमीला, पुतळा कोसळला. नऊ महिनेही भरले नव्हते. वारा ताशी 45 किलोमीटर होता, असे तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितले. ते ऐकून किनाऱ्यावरचे माड एकमेकांकडे बघायला लागले. चार दिवसांनी पालघरात पंतप्रधानांनी माफी मागितली. वाऱ्याने अजून मागितलेली नाही.

नट-बोल्ट गंजल्याचे पत्र बांधकाम खात्याने आधीच धाडले होते म्हणे. पण खारा वारा टपालाची वाट बघत थांबत नाही. पुढे कला संचालनालयाकडून कळले की मंजुरी 6 फुटांच्या मातीच्या नमुन्याला होती. म्हणजे उरलेले 29 फूट निव्वळ उत्साहाचे.

राजकोटावरून समोर सिंधुदुर्ग दिसतो. 1664 ला पायाभरणी झाली, पायात शिसे ओतले. आत शिवराजेश्वराचे देऊळ आहे, राजाराम महाराजांनी 1695 मध्ये बांधलेले. शिवाजी महाराज तिथे बसलेले आहेत, दाढीशिवाय. त्यांची उंची कुणी विचारत नाही. तटावर चुन्यात हातापायाचे ठसे आहेत, तेही घुमटीत झाकलेले. किल्ला बांधणारा म्हणून हिरोजी इंदुलकरांचे नाव घेतात. त्यांनी आपले नाव कोरले ते रायगडावर, जगदीश्वराच्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय लागतील तिथे. आताची कोनशिला छातीच्या उंचीवर लागते, नाहीतर फोटोत येत नाही.

मूर्तीचे वेड आम्हालाही आहे, नाही कशाला म्हणू? पण गणपतीच्या शाळेत आम्ही घरचा पाट नेऊन देतो आणि त्यावर मावेल एवढाच देव घरी आणतो. दीड दिवसाने तो पाण्यात जाणार, हे आणतानाच ठरलेले असते. मुंबईच्या समुद्रात तर महाराजांच्या पुतळ्यासाठी 24 डिसेंबर 2016 ला जलपूजन झाले. तो पुतळा पडलेला नाही, कारण उभाच राहिलेला नाही.

राजकोटावर 11 मे 2025 ला नवा पुतळा उभा राहिला, 60 फुटांचा. 35 फूट का पडले, याचे उत्तर आम्ही फुटांतच दिले.

तेव्हा आता गाऱ्हाणेच घालतो. बा देवा रामेश्वरा म्हाराजा, ह्यो पुतळो तरी शंभर वर्सा उभो रवांदे. वाऱ्यार खापर फोडूची पाळी परत कोणार येवक देव नको. आणि ज्येका ज्येका आपला नाव दगडार कोरूचा आसा, तेका हिरोजीची पायरी दाखव रे म्हाराजा!

व्हय म्हाराजा!