अ‍ॅव्हरेज कसे सांगावे

शंभर-सव्वाशे सीसीची गाडी बाळगणाऱ्या समस्त खेडकरांसाठी ही नियमावली. आमच्या शेजारच्या तात्यांवरूनच ती बेतली आहे.

१. आकडा ऐंशीच्या खाली आणू नये. सत्तर सांगणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात, साठ सांगणाऱ्याला मेकॅनिक सुचवतात. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, तेव्हा जाहिरातीने टाकी भरून विसरून जायला शिकवले. तात्या अजून विसरलेलेच आहेत.

२. मोजणी उतारावर करावी. लोट्याहून परतताना भोस्ते घाटात इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडावी आणि भरणे नाक्यापर्यंतचे अंतर फुकटात धरावे. सकाळी हाच घाट चढताना जळलेले पेट्रोल हिशेबात घेऊ नये.

आता खरे सांगतो. २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांना बहुतेक इंजेक्शन असते. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून मूठ सोडली, की इंजिनाला जाणारे पेट्रोल आपोआप बंद होते आणि इंजिन गाडीला आवरूनही धरते. म्हणजे तात्यांच्या नव्या गाडीत जे आपसूक वाचते, तेच वाचवायला तात्या त्या घाटातल्या वळणांवर नुसत्या ब्रेकच्या भरवशावर येतात. मी हे त्यांना समजावले. त्यांनी शांतपणे विचारले, “तुझी किती देते?”

३. टायरमधली हवा बुटाने तपासावी.

४. चेन वाजू लागली की तेल घालावे. त्याआधी घालणे म्हणजे उधळपट्टी.

५. गणपतीत मुंबईहून आलेला पुतण्या गाडी नेणारच. तो हाफ क्लचवर तीनबत्ती नाका पालथा घालतो आणि टाकी कोरडी करून आणतो. तो खर्च सणात मांडावा.

६. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटर टिपावेत, पुन्हा तितकीच भरावी आणि किलोमीटरना दुसऱ्या वेळच्या लिटरने भागावे. हा प्रयोग दुसऱ्याच्या गाडीवर करू नये. शेजार टिकत नाही.

७. पन्नासच्या वर जाऊ नये. हा नियम तात्या खरोखर पाळतात, कारण दापोली रस्त्याला एसटी चुकलेला कोण उभा आहे ते त्यांना बघायचे असते. त्याला मागे बसवायचे, वाट वाकडी करून दारात सोडायचे, वर त्याची तांदळाची पिशवी टाकीवर घ्यायची. एवढे करून ऐंशीच.

असल्या माणसाचे ऐंशी मान्य करावे. पेट्रोल मात्र उसने मागू नये. त्यांचा काटा कायम तळाला असतो.